न दिसणाऱ्या वस्त्राची हजार वर्षे

मराठी मुलांना ‘राजाचे नवे कपडे’ या नावाने ठाऊक असलेली कथा हान्स क्रिश्चन अँडरसन या डॅनिश लेखकाची म्हणून ओळखली जाते, आणि जगभर आज जी कथा सांगितली जाते तिला अखेरचा घाट त्यानेच दिला असल्यामुळे ही ओळख चुकीची म्हणता येत नाही. कोपनहेगनच्या सी. ए. राइट्सेल या प्रकाशकाने ७ एप्रिल १८३७ रोजी अँडरसनच्या मुलांसाठीच्या कथांची जी पुस्तिका काढली, तीत दोनच कथा होत्या: एक ‘छोटी जलपरी’ आणि दुसरी ही. जलपरीची कथा बव्हंशी त्याच्या स्वतःच्या कल्पनेतून उतरली होती. राजाच्या कपड्यांची कथा मात्र त्याच्या हाती आली तेव्हाच पाचशे वर्षांची जुनी होती, ती मूळ स्पॅनिश भाषेतली होती आणि त्याने ती वाचली ती जर्मन अनुवादात. त्याहूनही जुना असा तिचा एक अवतार भारतातल्या जैन कथावाङ्मयात सापडतो.

या सर्व अवतारांत फसवणुकीची युक्ती एकच आहे. काही भामटे राजाला सांगतात की आपण एक अलौकिक वस्त्र विणतो, पण ज्याच्या अंगी अमुक एक उणेपण असेल त्याला ते दिसत नाही. मग ते उणेपण आपल्या माथी येऊ नये म्हणून जो तो नसलेल्या वस्त्राची वाखाणणी करत सुटतो. युक्ती कायम राहिली तरी तीन गोष्टी मात्र देशोदेशी बदलत गेल्या: वस्त्र कोणाला दिसणार नाही, राजा नागडा आहे हे प्रथम कोण बोलते, आणि ते कानी पडल्यावर राजा काय करतो. कथेचा इतिहास म्हणजे मुख्यतः या तीन प्रश्नांच्या बदलत्या उत्तरांचा इतिहास होय.

लोककथांच्या अभ्यासकांनी या कथेला दिलेली जागाही लक्षात घेण्यासारखी आहे. फिनलंडचे अँटी आर्ने, अमेरिकेचे स्टिथ थॉम्पसन आणि जर्मनीचे हान्स-योर्ग उथर यांनी विसाव्या शतकाच्या आरंभापासून २००४ पर्यंत टप्प्याटप्प्याने जी कथासूची सिद्ध केली, तीत एकसारख्या कथानकाच्या कथांना एकच क्रमांक दिलेला असतो. सिंड्रेला किंवा निद्रिस्त राजकन्या यांच्यासारख्या कथा या सूचीत ‘जादूच्या कथा’ या विभागात येतात, तर राजाच्या कपड्यांची कथा १६२० या क्रमांकाखाली विनोदी कथा व किस्से यांच्या विभागात बसवलेली आहे. हे वर्गीकरण योग्यच आहे, कारण तिला परीकथा म्हणण्याची सवय असली तरी तीत ना परी आहे, ना चेटूक, ना बोलणारा प्राणी; जादूचा नुसता दावा आहे, आणि तो दावा टिकतो तो माणसांच्या भित्रेपणावर.

भारतीय अवतार अकराव्या शतकातला आहे. श्वेतांबर पंथाचे आचार्य जिनेश्वरसूरी यांनी प्राकृतात ‘निर्वाणलीलावती’ नावाचा एक मोठा कथाग्रंथ रचला होता, ज्यात जन्मामागून जन्म घेत मोक्षाकडे जाणाऱ्या जीवांच्या कथा एकीत एक गुंफलेल्या होत्या. तो मूळ ग्रंथ आज उपलब्ध नाही. परंतु जिनरत्न या त्यांच्या परंपरेतल्या पंडिताने १२८३ साली त्याचा ‘लीलावतीसार’ हा संस्कृत संक्षेप केला, तो टिकला आणि त्यामुळे ही कथाही टिकली. तीत हस्तिनापूरचा धन नावाचा लबाड व्यापारी श्रावस्तीच्या राजाला एक दिव्य वस्त्र विणून देण्याचे आमिष दाखवतो. जो आपल्या बापाचा खरा पुत्र नाही, त्याला हे वस्त्र दिसणार नाही आणि त्याच्या हातालाही लागणार नाही, अशी त्याची अट असते. राजा ते वस्त्र ‘नेसतो’, दरबार माना डोलावतो, आणि मग नगरात मिरवणूक निघते तेव्हा रस्त्यावरचे लोक विचारू लागतात की महाराजांनी संन्यास घेतला काय, ते नग्न श्रमण झाले काय. या प्रश्नाने राजाचे डोळे उघडतात, पण तोवर धन पसार झालेला असतो.

या प्रश्नातला भारतीय रंग दुसऱ्या कोणत्याही भाषेत जसाच्या तसा नेता येणार नाही. ज्या समाजात दिगंबर साधू रस्त्याने जाताना दिसत असत, त्या समाजात उघड्या अंगाने निघालेला राजा पाहून लोकांच्या मनात हसू येण्याआधी वैराग्याची शंका येणे स्वाभाविक होते. शिवाय कथा सांगणारे आचार्य श्वेतांबर, म्हणजे पांढरे वस्त्र परिधान करणाऱ्या साधूंच्या पंथाचे, असल्यामुळे त्या प्रश्नात नग्न व्रताला काढलेला एक बारीकसा चिमटाही ऐकू येतो. सत्य सांगण्याचे धाडस येथे कोणी एकटा करत नाही. लोक निरागसपणे, आदराने विचारतात, आणि त्या आदरातच राजाची फजिती होते.

श्रावस्तीची ही कथा युरोपात कोणत्या वाटेने गेली हे दाखवणारी सलग साखळी हाती नसली, तरी अशा कथा त्या काळी पूर्वेकडून पश्चिमेकडे कशा जात हे मात्र चांगले ठाऊक आहे. पंचतंत्र सहाव्या शतकात इराणमध्ये पहलवी भाषेत गेले, आठव्या शतकात इब्न अल-मुकफ्फाने ते ‘कलीला व दिम्ना’ या नावाने अरबीत आणले, आणि पुढे कास्तीलच्या गादीवर बसलेल्या आल्फोन्सो दहावा याने राजपुत्र असतानाच, १२५१ साली, त्याचे कास्तीलची बोली असलेल्या स्पॅनिशमध्ये भाषांतर करवून घेतले. या आल्फोन्सोचा पुतण्या डॉन ह्वान मान्वेल हाच राजाच्या कपड्यांच्या कथेचा पहिला ज्ञात युरोपीय लेखक होय, आणि अरबी वाटेने आलेल्या पौर्वात्य कथा त्याच्या घराण्यात परिचयाच्या होत्या, हा संबंध दुर्लक्षिता येण्याजोगा नाही.

ह्वान मान्वेलने १३३५ साली पूर्ण केलेल्या ‘कोंदे लुकानोर’ या ग्रंथाची ठेवणही पंचतंत्राच्या वाचकाला ओळखीची वाटेल. लुकानोर नावाचा सरदार आपल्यापुढची अडचण पात्रोनियो या सल्लागाराला सांगतो, पात्रोनियो उत्तरादाखल एक कथा सांगतो, आणि शेवटी तिचे तात्पर्य दोन ओळींच्या पद्यात येते. बत्तिसाव्या कथेत सरदाराची अडचण अशी आहे की एका माणसाने त्याला मोठ्या लाभाची मसलत सुचवली आहे, पण ती कोणाजवळही, अगदी विश्वासातल्या माणसाजवळही, बोलू नये अशी अट घातली आहे. त्यावर पात्रोनियो तीन ठकांची आणि एका मूर राजाची, म्हणजे स्पेनमधल्या मुसलमान राजाची, कथा सांगतो.

येथेही वस्त्र दिसण्याची कसोटी औरसपणाचीच आहे, परंतु ह्वान मान्वेल तिला पैशाची जोड देतो. औरस नसलेल्या मुलाला बापाची मालमत्ता मिळत नाही, तेव्हा हे वस्त्र हाती आले की कोण खरा वारस आणि कोण नाही ते कळेल आणि बेवारस ठरलेली मिळकत खजिन्यात जमा करता येईल, या हिशेबाने राजा खूश होतो. ठक स्वतःहूनच सांगतात की वस्त्र पुरे होईपर्यंत आम्हाला वाड्यात कोंडून ठेवा, त्यामुळे राजाचा विश्वास आणखी बसतो. मग सोने, चांदी, रेशीम आत जात राहते आणि माग रिकामाच चालत राहतो. राजा स्वतः पाहायला जातो तेव्हा त्याला काही दिसत नाही, आणि त्या क्षणी त्याच्या मनात येते ते हे की, आपण त्या राजाचे पुत्र नाही असे ठरले तर राज्यच हातचे जाईल. म्हणून तो इतरांपेक्षा चढ्या आवाजात स्तुती करू लागतो. सणाच्या दिवशी राजा उघड्या अंगाने घोड्यावर बसून निघतो, आणि उन्हाळ्याचे दिवस होते म्हणून निभावले, असे लेखक मिस्कीलपणे नोंदवतो.

सत्य बोलतो तो राजाच्या घोड्याची निगा राखणारा एक काळा मोतद्दार. त्याच्यापाशी गमावण्यासारखे काही नाही, हे लेखकाने स्पष्टपणे सांगितले आहे. आपण कोणाचे पुत्र ठरतो याची आपल्याला फिकीर नाही, तेव्हा एक तर आपण आंधळे आहोत किंवा महाराज नागडे आहेत, असे तो राजाच्या तोंडावर सांगतो. राजा प्रथम त्यालाच शिव्या घालतो, परंतु एकदा तोंड फुटल्यावर दुसरा बोलतो, तिसरा बोलतो आणि अखेर ठकांचा शोध सुरू होतो तेव्हा ते मिळालेला माल घेऊन निघून गेलेले असतात. पात्रोनियोचे तात्पर्य मात्र राजाच्या गर्वाविषयी नाही. जो तुम्हाला आपल्या माणसांपासून गोष्ट लपवायला सांगतो तो तुम्हाला बिनबोभाट फसवू पाहतो, एवढाच व्यवहारी सल्ला तो देतो.

हीच युक्ती युरोपात इतर रूपांतही फिरत होती. तेराव्या शतकातल्या श्ट्रिकर या जर्मन कवीच्या काव्यात आमिस नावाचा धूर्त पाद्री फ्रान्सच्या राजाच्या दरबारात कोऱ्या भिंती दाखवून त्यांवरची चित्रे फक्त औरस माणसांनाच दिसतात असे सांगतो, आणि सोळाव्या शतकाच्या आरंभी छापल्या गेलेल्या टिल ऑयलेनश्पीगेल या लोकप्रिय ठकाच्या चरित्रातही हाच प्रसंग हेस प्रांतात घडतो. मात्र या युक्तीला सर्वांत धारदार वळण दिले ते मिगेल द सर्व्हान्तेसने. ‘डॉन किहोते’चा हा लेखक १६१५ साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रहसनात वस्त्राऐवजी खेळ आणतो: चान्फाया आणि चिरिनोस हे दोन भामटे एका गावात अद्भुत खेळ घेऊन येतात, पण तो पाहायला प्रेक्षक औरस असून भागत नाही, त्याच्या रक्तात ख्रिस्ती झालेल्या यहुद्यांचा अंशही असता कामा नये. ज्या स्पेनमध्ये नोकरी, मानमरातब आणि प्रसंगी प्राणही ‘शुद्ध रक्ता’च्या दाखल्यावर अवलंबून होते, तेथे ही अट विनोदापुरती नव्हती. रिकाम्या पडद्यासमोर गावचे मानकरी न दिसणाऱ्या उंदरांना भिऊन ओरडतात आणि न दिसणाऱ्या पाण्याने भिजतात. शेवटी सैन्याच्या मुक्कामाची सोय पाहायला एक लष्करी अंमलदार येतो, त्याला खेळाची अट ठाऊक नसल्याने तो काहीच दिसत नाही असे सांगतो, आणि गावकरी त्यालाच अशुद्ध रक्ताचा ठरवून त्याची टर उडवतात. येथे सत्य बोलले जाते, पण कोणाचेही डोळे उघडत नाहीत.

अँडरसनपर्यंत कथा पोहोचली ती एडुआर्ड फॉन ब्यूलो या जर्मन संपादकाने १८३० च्या दशकात काढलेल्या कथासंग्रहातून, ज्यात ह्वान मान्वेलची कथा ‘जगाची रीतच अशी’ अशा अर्थाच्या नावाने आलेली होती. अँडरसनने हे ऋण लपवले नाही. पुढे आपल्या कथांवर लिहिलेल्या टिपणांत, ही सगळी गमतीदार कल्पना स्पॅनिश राजपुत्राची आहे, असे त्याने नमूद केले. पण ती उसनी कल्पना त्याने मुळापासून बदलली. कथा मुलांना सांगायची असल्याने औरस-अनौरसाची कसोटी त्याला चालण्यासारखी नव्हती, म्हणून त्याने नवी कसोटी घातली: जो आपल्या हुद्द्याला लायक नाही किंवा जो कमालीचा मूर्ख आहे, त्याला कापड दिसणार नाही. सोवळेपणासाठी केलेल्या या एका बदलाने कथेचे जग पालटले. जुन्या कथेत माणसाला भीती होती ती आईबापांच्या हातून घडलेल्या, त्याच्या आवाक्याबाहेरच्या गोष्टीची. नव्या कथेत भीती आहे ती स्वतःच्या नालायकीची, आणि ती नोकरशाहीच्या युगातल्या प्रत्येक माणसाला आतून कुरतडणारी आहे. म्हणूनच रिकाम्या मागासमोर उभा असलेला प्रामाणिक म्हातारा मंत्री वाचकाला खोटारडा न वाटता केविलवाणा वाटतो.

अँडरसनचा तपशीलही नेमका आणि खट्याळ आहे. त्याचा सम्राट दिवसाच्या प्रत्येक तासाला वेगळा अंगरखा घालतो. ठक रेशीम आणि सोन्याची जर आपल्या पिशव्यांत कोंबतात आणि रात्री उशिरापर्यंत रिकाम्या मागावर हात चालवतात. मिरवणुकीच्या आदल्या रात्री सोळाहून अधिक मेणबत्त्या जाळून ते मोठ्या कात्र्यांनी हवा बेततात आणि दोरा नसलेल्या सुईने शिवतात. वस्त्र पाहायला स्वतः गेलेला सम्राट त्यांच्या कोटावर मानचिन्ह लटकवून त्यांना राजविणकर असा किताबही देतो. ओडेन्स गावच्या चांभाराच्या आणि धोबिणीच्या पोटी १८०५ साली जन्मलेल्या, लहानपणी कापडाच्या गिरणीत काही काळ राबलेल्या आणि नंतर कोपनहेगनच्या प्रतिष्ठितांच्या दिवाणखान्यांत वावरू लागलेल्या लेखकाला किताब आणि पदके यांचा मोह आतून-बाहेरून माहीत होता. डेन्मार्कमध्ये १८४९ पर्यंत राजाची अनियंत्रित सत्ता होती, आणि कथा प्रसिद्ध झाल्याच्या पुढच्याच वर्षी राजा सहावा फ्रेडरिक याने अँडरसनला सालिना ४०० रिग्सडालरचे मानधन सुरू केले.

कथेतले जे मूल आज तिची ओळख बनले आहे ते अँडरसनच्या मूळ हस्तलिखितात नव्हतेच. तेथे कथा संपत होती ती सगळे लोक कपड्यांची वाहवा करत असताना. मजकूर छापखान्यात गेल्यावर, प्रुफे हाताळणारा मित्र एडवर्ड कोलिन याला कळवून, त्याने शेवट बदलला आणि गर्दीतल्या एका लहान मुलाच्या तोंडी ते वाक्य घातले. ह्वान मान्वेलचा मोतद्दार बोलू शकला कारण त्याला गमावण्यासारखे काही नव्हते; अँडरसनचे मूल बोलू शकले कारण गमावण्यासारखे काही असते हेच त्याला अजून ठाऊक नव्हते.

मात्र मुलाच्या बोलण्यावर कथा संपत नाही, आणि हीच गोष्ट बहुतेक वाचकांच्या नजरेतून निसटलेली आहे. बाप मुलाचे बोल निष्पाप म्हणून शेजाऱ्याला सांगतो, कुजबुज पसरत जाते, शेवटी सगळे लोक ओरडून तेच म्हणू लागतात. सम्राटाच्या अंगावर शहारा येतो, कारण लोकांचे खरे आहे हे त्यालाही कळते, पण मिरवणूक तर पार पाडलीच पाहिजे असे म्हणून तो आणखी ताठ मानेने चालू लागतो आणि मागचे हुजरे नसलेल्या झग्याचा नसलेला घोळ उचलून धरत राहतात. सत्य सर्वांना कळले, ते मोठ्याने बोललेही गेले, आणि तरीही वरात थांबली नाही, असा हा कडवट शेवट आहे.

अनुवादकांनी आणि रूपांतरकारांनी सर्वाधिक हात घातला तो याच शेवटाला. १८४६ या एका वर्षात मेरी हाउइट, चार्ल्स बोनर आणि कॅरोलाइन पीची यांनी अँडरसनच्या कथा वेगवेगळ्या पुस्तकांतून इंग्रजीत आणल्या, आणि त्यानंतर तो इंग्रजी वाचकांच्या घराघरांत पोहोचला. पण सुरुवातीच्या काही अनुवादांचा आधार डॅनिश नसून जर्मन होता, आणि मुलांसाठी म्हणून त्याच्या खट्याळ, बोलीच्या वळणाच्या गद्याला अनेकदा शिष्टपणाची इस्त्री केली गेली. डॅनिशवरून केलेले जीन हर्शॉल्ट आणि एरिक हाउगार्ड यांचे विस्तृत इंग्रजी अनुवाद अनुक्रमे १९४९ आणि १९७४ मध्ये आले. रशियात लिओ टॉल्स्टॉयने शेतकऱ्यांच्या मुलांना वाचायला शिकवण्यासाठी १८७२ साली काढलेल्या ‘आझबुका’ या पुस्तकात ही कथा अगदी थोडक्यात, साध्या वाक्यांत सांगितली. त्यात बोलतो तो मूल नसून एक वेडाभोळा, आणि त्याचे बोलणे ऐकून राजाला लाज वाटते. लोकांच्या शहाणपणावर आणि माणसाच्या पश्चात्तापावर श्रद्धा असलेल्या टॉल्स्टॉयला अँडरसनचा निगरगट्ट सम्राट मानवला नसावा, असे या बदलावरून दिसते.

चीनमध्ये ये शंगथाओ या लेखकाने १९३० साली अँडरसनची कथा संपते तेथून पुढची कथा लिहिली. त्याचा सम्राट नागडाच राहतो, कपड्यांविषयी अवाक्षर काढणाऱ्याला शिक्षा करत सुटतो, आणि अखेर संतापलेली प्रजा त्याचे नसलेले कपडे फाडून काढायला धावते. भारतात नीरेंद्रनाथ चक्रवर्ती यांनी ‘उलंग राजा’ या बंगाली कवितेत याच गोष्टीतल्या हरवलेल्या मुलाचा शोध घेतला. त्याच नावाचा त्यांचा संग्रह १९७१ मध्ये आला आणि त्याला १९७४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. या दोन्ही लेखकांनी अँडरसनचा शेवट बदललेला नाही; उलट, वरात थांबली नाही हे मान्य करूनच त्यांनी पुढचा प्रश्न विचारला आहे.

मराठीत ही कथा बहुधा इंग्रजीवरून आणि संक्षेपाने आली, पाठ्यपुस्तकांत आणि चित्रमय पुस्तकांत रुळली, आणि ‘राजा नागडा आहे’ हे वाक्य अग्रलेखांपासून भाषणांपर्यंत सर्वत्र वापरले जाऊ लागले. पण संक्षेपात मूल ओरडते, लोक हसतात, राजा खजील होऊन वाड्यात पळतो आणि मुलांना खरे बोलावे असा बोध मिळतो. हा बोध चुकीचा नाही, मात्र तो अँडरसनचा नाही. खरे बोलल्याबरोबर खोटे कोसळते असे त्याने कोठेही म्हटलेले नाही. खोटे उघडे पडल्यावरही सत्ता आपला घोळ सांभाळत चालत राहते, हे त्याने पाहिले होते आणि मुलांपासून लपवले नव्हते. म्हणून ही गोष्ट मुलांना सांगणाऱ्या मराठी पालकांनी, शिक्षकांनी आणि प्रकाशकांनी तिची अखेरची दोन-तीन वाक्ये गाळू नयेत. नसलेला घोळ उचलून चालणारे हुजरे गोष्टीत राहू द्यावेत, आणि ते अजून का चालत आहेत हा प्रश्न मुलांनी विचारला तर त्याचे उत्तर देण्याची तयारी ठेवावी.